टर्मिनलमधला फाइल मॅनेजर कोणता घ्यावा? (मराठी नावांच्या फायली, जुनी मशिनं, माउस नको)

तापीकाठ
रामराम मंडळी. जळगावात छोटं ऑफिस आहे. ४ जीबी रॅमची डेबियनवाली चार मशिनं, आणि एक सर्व्हर ज्यावर फक्त एसएसएचने (दुरून टर्मिनलमधून) जाता येतं. काम म्हणजे सात-बारा नि आठ-अ चे स्कॅन, पीकविम्याचे कागद, केळीच्या गाड्यांची बिलं. स्कॅनर ‘स्कॅन_०००१’ अशी नावं देतो. ती बदलून गाव आणि शेतकऱ्याप्रमाणे मराठीत करायची, त्या-त्या फोल्डरात टाकायची, मागेल त्याला पेनड्राइव्हवर द्यायची. टायपिंग इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीत.

सीडी, एलएस, सीपी, एमव्ही या कमांडा सगळ्यांना येतात, पण मराठी नावं टॅब मारमारून पुरी करण्यात वेळ जातो. माउसला हात न लावता चालणारा फाइल मॅनेजर हवा. कोणता घ्यावा, आणि कुठे अडतं तेही सांगा. ‘वापरून बघा, छान आहे’ एवढ्याने भागणार नाही.

भुसावळ_यार्ड
आधी दोन घराणी वेगळी करा, मग निवड सोपी जाते.

पहिलं दोन चौकटींचं. डावीकडून उजवीकडे माल टाकायचा. नॉर्टन कमांडर डॉसवर १९८६ साली आला, त्याच धर्तीवर मिगेल दे इकाझाने १९९४ मध्ये मिडनाइट कमांडर लिहायला घेतला. लोक त्याला एमसीच म्हणतात. दुसरं घराणं स्तंभांचं: डावीकडे वरचं फोल्डर, मधे चालू फोल्डर, उजवीकडे प्रिव्ह्यू. रेंजर, एलएफ आणि याझी या घराण्यातले. यांची बटणं व्हीआय एडिटरसारखी. व्हीआयएफएम मधोमध बसतो, चौकटी दोन आणि बटणं व्हीआयची. एनएनएन कुठल्याच खान्यात बसत नाही, त्याचं नंतर कोणी सांगेलच.

तुमचं काम ‘इथून उचल, तिथे टाक’ असं आहे, म्हणून माझं मत एमसीला. टॅबने चौकट बदला, इन्सर्टने फाइल खुणावा (इन्सर्ट नसेल तर कंट्रोल-टी), एफ५ ने कॉपी, एफ६ ने हलवणे किंवा नाव बदलणे, एफ७ ने नवं फोल्डर, एफ८ ने डिलीट. एफ३ ने बघा, एफ४ ने एडिट करा. अधिकचं चिन्ह दाबलं की नमुना विचारतो, तिथे ‘स्कॅन_*’ दिलं की सगळे स्कॅन एकदम खुणावले जातात. ऑल्ट-आय ने समोरची चौकट याच फोल्डरवर येते, कंट्रोल-यू ने चौकटींची अदलाबदल होते. रोजची गावं कंट्रोल-बॅकस्लॅशच्या यादीत घालून ठेवा, मग रावेर ते यावल दोन बटणांत.

आणि कंट्रोल-ओ. चौकटी बाजूला होतात, खाली खरी शेल (कमांड लिहायची जागा) दिसते, त्याच फोल्डरात. परत कंट्रोल-ओ, चौकटी हजर. कमांड लाइनवाल्या माणसाला एमसी त्यासाठीच आवडतो.

लळिंग_पायथा
एमसीची बाजू बरोबर आहे, पण पहिल्याच दिवशी कुठे अडेल ते सांगतो. ग्नोम टर्मिनलमध्ये एफ१० दाबला की एमसी बंद होत नाही, टर्मिनलचा मेनू उघडतो. प्रेफरन्सेसमधल्या जनरल भागात मेनूची शॉर्टकट की बंद करायची. एक्सएफसीई टर्मिनलमध्येही तसाच पर्याय आहे. एफ११ ने खिडकी पूर्ण पडदाभर होते, तोही टर्मिनलचाच प्रताप. लॅपटॉपवर एफ५ दाबून उजेड कमी-जास्त होत असेल तर बऱ्याच मॉडेलांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून तो प्रकार थांबतो. नाहीतर बायोसमध्ये बघा. तेही जमत नसेल तर एस्केप आणि मग आकडा: एस्केप-५ म्हणजे एफ५, एस्केप-० म्हणजे एफ१०.

दुसरी अडचण अशी की बाहेर पडलं की शेल जिथून एमसी सुरू केला तिथेच असते. तुम्ही आत फिरून चोपड्याच्या फोल्डरात पोचलात, बाहेर आलात तर पुन्हा घरी. त्यासाठी एमसीसोबतच ‘एमसी-रॅपर’ नावाची स्क्रिप्ट येते. डेबियनवर ती यूएसआर, लिब, एमसी या वाटेवर आहे. बॅशआरसीत (शेलच्या सेटिंगच्या फाइलीत) ‘एमसी’ला त्या स्क्रिप्टचा एलियास (टोपणनाव) द्या, पण स्क्रिप्टच्या आधी एक टिंब आणि जागा हवी, म्हणजे ती चालू शेलमध्येच सोर्स होते. टिंब विसरलात तर काही उपयोग नाही, कारण वेगळ्या प्रोसेसला तुमच्या शेलचं फोल्डर बदलता येत नाही. हे सगळ्याच फाइल मॅनेजरांना लागू आहे. एलएफसोबत ‘एलएफसीडी’ येते, रेंजरला ‘चूझडिर’ पर्याय आहे, याझीला ‘सीडब्ल्यूडी-फाइल’, एनएनएनला कंट्रोल-जी आणि त्याची ‘क्विटसीडी’. पहिल्या दिवशी हे लावून घ्या, नाहीतर आठवड्यात कंटाळून पुन्हा सीडीवर याल.

पाटचारी
मी स्तंभवाल्यांच्या बाजूने. स्कॅन बघून नाव द्यायचं असेल तर प्रिव्ह्यू लागतोच. एमसीत प्रत्येक फाइल वेगळी उघडून बघावी लागेल.

रेंजर पायथनमध्ये आहे. जे आणि के ने खाली-वर, एच आणि एल ने मागे-पुढे, स्पेसने खूण, वायवाय ने कॉपी, डीडी ने कट, पीपी ने पेस्ट. सीडब्ल्यू ने नाव, झेडएच ने लपलेल्या फायली, कॅपिटल एस ने त्याच फोल्डरात शेल. ‘रेंजर --कॉपी-कॉन्फिग=ऑल’ एकदा चालवा, म्हणजे डॉट-कॉन्फिगखाली आरसी डॉट कॉन्फ, रायफल डॉट कॉन्फ आणि स्कोप डॉट एसएच तयार होतात. कुठली फाइल कशात उघडायची ते रायफलमध्ये, प्रिव्ह्यू स्कोपमध्ये.

स्कॅन केलेल्या पीडीएफचा प्रिव्ह्यू कोरा दिसेल. बिघाड समजू नका. मुळात स्कोप पीडीएफमधला मजकूर काढून दाखवतो, आणि स्कॅनमध्ये मजकूर नसतोच, नुसतं चित्र असतं. स्कोपमध्ये पीडीएफचं पहिलं पान चित्र करून दाखवणाऱ्या ओळी आहेत, पण कॉमेंट केलेल्या. त्या मोकळ्या करा, पॉपलर-युटिल्स घाला, आरसीत ‘प्रिव्ह्यू_इमेजेस’ ट्रू करा आणि तुमच्या टर्मिनलला झेपेल ती चित्रपद्धत निवडा.

रेंजरचा दोष एकच आणि तो मोठा आहे. एका फोल्डरात हजारो फायली असल्या की अडखळतो. वर्षभराचे स्कॅन एकाच फोल्डरात कोंबलेले असतील तर जाणवेलच.

भुसावळ_यार्ड
पाटचारीभाऊ, रेंजर सुचवलात, पण पेस्ट करताना त्याच नावाची फाइल आधीच असेल तर काय होतं तेही सांगा. या कामात तोच खड्डा आहे. स्कॅनर रोज ०००१ पासून सुरू करतो.

पाटचारी
बरोबर. पीपी केलं आणि तिथे त्याच नावाची फाइल असली तर रेंजर काही विचारत नाही, नव्या फाइलच्या नावाला शेवटी अंडरस्कोर लावून टाकतो. एलएफ ‘.~१~’ असं शेपूट लावतो. याझी ‘_१’ जोडतो. डेटा जात नाही, पण महिन्याने बघाल तर एकाच शेतकऱ्याचे तीन-तीन कागद, आणि खरा कुठला ते उघडल्याशिवाय कळणार नाही. मुद्दाम वर लिहायचं असेल तर रेंजरमध्ये पीओ, याझीत कॅपिटल पी. तिथे मात्र जुनी फाइल गेली ती गेलीच.

एमसी आणि व्हीआयएफएम थांबून विचारतात. एमसीच्या प्रश्नात तर ‘जुनी असेल तरच’, ‘आकार वेगळा असेल तर’ असेही पर्याय आहेत. हा मुद्दा एमसीचा, मान्य.

तापीकाठ
एक अडचण आत्ताच दिसतेय. सगळे पाटचारींच्या सांगण्याप्रमाणे जे-के करत बसले, पण कीबोर्ड मराठीवर असला की काहीच हलत नाही. दर वेळी इंग्रजीवर यायचं का?

काळीमाती
हा प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि मराठीत काम करणाऱ्यासाठी निवडीचा खरा निकष हाच आहे.

इनस्क्रिप्टमध्ये जे च्या बटणावर र आहे, के वर क, एच वर प, एल वर त, वाय वर ब, पी वर ज. डी वर हलन्त. म्हणजे मराठी मांडणीत तुम्ही ‘जे’ दाबता तेव्हा रेंजरला ‘र’ पोचतो, आणि र चा त्याला काही अर्थ माहीत नाही. एफ५ मात्र कुठल्याही मांडणीत एफ५ च असतो. बाण, टॅब, इन्सर्ट, एंटर, पेज-डाउन, हेही तसेच. त्यामुळे एमसी मराठी मांडणीत जसाच्या तसा चालतो. एफ६ दाबा, तिथेच मराठी नाव टाइप करा, एंटर. भाषा बदलायची गरजच नाही. कंट्रोलच्या जोड्यांचं टर्मिनलगणिक वेगळं, कुठे चालतात, कुठे नाही. आणि लळिंगकरांनी सांगितलेलं एस्केप-५, ते वरच्या ओळीतून देवनागरी अंक उमटत असतील तर चालणार नाही.

अक्षरांवर चालणारा मॅनेजर हवाच असेल तर तीन वाटा:

एक, बटणांना मराठी जोड द्या. रेंजरच्या आरसीत ‘मॅप र मूव्ह डाउन=१’, ‘मॅप क मूव्ह अप=१’, ‘मॅप प मूव्ह लेफ्ट=१’, ‘मॅप त मूव्ह राइट=१’, कॉपीसाठी ‘मॅप बब कॉपी’, पेस्टला ‘मॅप जज पेस्ट’. एलएफआरसीत ‘मॅप र डाउन’, ‘मॅप क अप’ असंच. डीडीची जोड म्हणजे दोन हलन्त, ते एडिटरमध्ये नीट दिसतही नाहीत, त्यामुळे कटसाठी दुसरं सुटं अक्षर घ्या. मात्र हे इनस्क्रिप्टपुरतंच. आयबस (लिनक्सवरची भाषा टाइप करायची सोय) मधून फोनेटिक मराठी वापरणाऱ्याला ही युक्ती चालणार नाही. तिथे जे दाबला की ‘ज्’ अधांतरी राहतो, पुढचं अक्षर येईपर्यंत प्रोग्रॅमकडे काहीच जात नाही.

दोन, मांडणी खिडकीगणिक वेगळी ठेवा. ग्नोममध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. फाइल मॅनेजरची खिडकी कायम इंग्रजी, बाकी मराठी. पण नाव बदलायचं तर मांडणी बदलावी लागणारच.

तीन, मांडणी बदलायला एकच बटण ठेवा. एक्स११ वर ‘सेटएक्सकेबीमॅप’ कमांडला ‘जीआरपी:कॅप्स_टॉगल’ द्या (कॅप्स लॉकने मांडणी बदलते), सोबत ‘जीआरपी_एलईडी:स्क्रोल’. मराठी चालू असताना स्क्रोल लॉकचा दिवा लागतो. हा दिवा लहान गोष्ट वाटते, पण इंग्रजी समजून दाबलेलं बटण आणि मराठी समजून दाबलेलं बटण यातला घोळ तोच थांबवतो.

सातपुडा_पलीकडे
एक नंबर शे भो, हे कुठेच लिहिलेलं नसतं.

४ जीबीच्या मशिनांसाठी एनएनएन सांगतो. सी भाषेत लिहिलेला, काही एमबी मेमरीत भागतो, आणि करणारा अरुण प्रकाश जाना आपल्याच देशातला. सर्व्हरवर काही जड घालायचं नसेल तर हाच.

रीत थोडी उलटी आहे. कॉपी-कट असं आधी ठरवायचं नाही. स्पेसने फायली निवडायच्या, जिथे हव्यात तिथे जायचं, आणि तिथे ठरवायचं: स्मॉल पी म्हणजे इथे कॉपी, स्मॉल व्ही म्हणजे इथे हलव. १ ते ४ आकड्यांवर चार वेगवेगळी ठिकाणं उघडी राहतात. एक रावेरचं फोल्डर, दोन यावलचं, तीन पेनड्राइव्ह. निवड चारही ठिकाणी तीच राहते. स्मॉल आर ने निवडलेल्या सगळ्या फायलींची नावं एडिटरमध्ये उघडतात. ‘एनएनएन -डी’ ने सुरू केलात तर आकार-तारखेसकट यादी.

जपायचं ते एक्स (डिलीट) दाबताना. निवड केलेली असली की तो विचारतो, चालू फाइल की निवडलेल्या, सी की एस. मागच्या गावाची निवड तशीच राहिली असेल आणि घाईत एस दाबलात तर जे पडद्यावर दिसतही नाही ते जाईल. ‘एनएनएन_ट्रॅश’ हा चल (शेलमधलं सेटिंग) १ ठेवा आणि ट्रॅश-सीएलआय पॅकेज घाला, म्हणजे कचरापेटीत जातं. २ ठेवलं तर जीआयओची कचरापेटी. काहीच ठेवलं नाही तर कायमचं.

प्रिव्ह्यू मुळात नाही. प्लगिन आहे, पण त्यासाठी टीमक्स (एका टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारा, लाइन तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) किंवा किटीसारखं विभागता येणारं टर्मिनल लागतं, नाहीतर प्रिव्ह्यू वेगळ्या खिडकीत उघडतो. स्कॅन बघत नाव द्यायच्या कामाला हा नको.

पाटचारी
मग चित्र बघायलाच याझी घ्या ना. रस्टमध्ये आहे, २०२३ पासूनचा. प्रिव्ह्यू पाठीमागे तयार होतात, त्यामुळे यादीत खाली-वर करताना अडत नाही. हजारो फायलींच्या फोल्डरात रेंजर आणि याझीतला फरक लगेच जाणवतो. पीडीएफसाठी पॉपलर लागतोच. स्मॉल डी कचरापेटीत टाकतो, कॅपिटल डी कायमचं काढतो. अनेक फायली खुणावून आर दाबला की नावांची यादी एडिटरमध्ये.

तीन गोष्टी बघून घ्या. टर्मिनल: किटी, फूट, वेझटर्म यांत चित्रं सरळ दिसतात, ग्नोम टर्मिनलमध्ये ‘चाफा’ नावाच्या प्रोग्रॅमची ठिपक्या-चौकोनांची पद्धत मिळते, त्यावर सात-बाराचा गट नंबर वाचता येणार नाही. टीमक्स: त्याच्या आतून चालवलात तर टीमक्सच्या कॉन्फमध्ये ‘अलाउ-पासथ्रू ऑन’ लिहिल्याशिवाय चित्र येत नाही, आणि तो पर्याय टीमक्स ३.३ पासूनचा आहे. आवृत्ती: याझी अजून झपाट्याने बदलतोय, सेटिंगच्या फायलींतली नावं मधूनच बदलतात. चारही मशिनांवर एकच आवृत्ती ठेवा, आणि कामाच्या दिवशी अपडेट करू नका. जुन्या डेबियनवर तयार बायनरी ‘जीलिबसी’ (सिस्टीमची मूळ लायब्ररी) नवी हवी म्हणून अडली तर मसलवाली घ्या, ती त्यावर अवलंबून नसते.

लळिंग_पायथा
एलएफचं राहिलं. गो भाषेत लिहिलेला, एकच बायनरी. रेंजरसारखाच पण हलका. एका खिडकीत वाय करा आणि दुसऱ्या खिडकीतल्या एलएफमध्ये पी करा, चालतं, कारण मागे एकच सर्व्हर असतो. डिलीटला मुळात बटणच दिलेलं नाही, तुम्ही स्वतः जोडायचं. नवख्यांच्या ऑफिसात ही सोय आहे, तक्रार नव्हे. प्रिव्ह्यूची स्क्रिप्ट मात्र स्वतः लिहावी लागते.

काळीमाती
आता मराठी नावांचं. इथे मॅनेजर कुठलाही असो, खालच्या थरातच गोम आहे.

लांबी. ईएक्सटी४ वर फाइलचं नाव २५५ बाइटांपर्यंत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक घटक ३ बाइट, म्हणजे ८५ घटक. काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द घ्या: डोळ्याला पाच अक्षरं, आत ११ घटक, डिस्कवर ३३ बाइट. ‘रावेर तालुका केळी पीकविमा नुकसानग्रस्त…’ असं सरकारी थाटाचं नाव ठेवलंत की मर्यादा संपते. पेनड्राइव्हवरच्या फॅट किंवा एनटीएफएसची मर्यादा २५५ युटीएफ-१६ एककांची, तिथे तेच नाव आरामात मावतं. म्हणून विंडोजवरून आलेली फाइल पेनड्राइव्हवर दिसते, पण इकडे कॉपी करताना ‘फाइल नेम टू लाँग’ येतं. पेनड्राइव्हवरच नाव छोटं करा, मग कॉपी करा. होम फोल्डर ईक्रिप्टएफएसने कुलूपबंद असेल तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ घटक.

ऱ्य चे दोन प्रकार. ‘शेतकऱ्यांची’ मधला ऱ्या दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ऱ हे वेगळं अक्षर अधिक हलन्त, दुसऱ्यात र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. दुसऱ्या तऱ्हेने शब्द १२ घटकांचा, ३६ बाइटांचा होतो. पडद्यावर बहुतेक फाँटांत दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली दिसल्या, किंवा शोध रिकामा आला, तर आधी हे तपासा: ‘एलएस’चा निकाल ‘एक्सएक्सडी’तून काढा, ई२ ८० ८डी हे तीन बाइट दिसले तर झेडडब्ल्यूजे आहे. मॅकवरून आलेल्या फायलींत आणखी तिसरा प्रकार भेटू शकतो, तिथे ऱ फुटून र आणि नुक्ता असे दोन होतात. तो ‘कन्व्हएमव्ही’ला ‘--एनएफसी’ देऊन सरळ होतो. ‘--नोटेस्ट’ दिल्याशिवाय तो नुसतं दाखवतो, बदलत नाही, त्यामुळे आधी तसंच चालवून बघा. झेडडब्ल्यूजेवाला प्रकार एनएफसीने सुटत नाही. त्याला पर्लवाली ‘रिनेम’ लागेल, आधी ‘-एन’ लावून काय होणार ते बघून मगच.

चौकटी वाकड्या होणं. काही मात्रांना टर्मिनलमध्ये स्वतःचं घर असतं (काना, वेलांट्या), काहींना नसतं (उकार, एक मात्रा, अनुस्वार, हलन्त). प्रोग्रॅम आणि टर्मिनल यांची मोजणी जुळली नाही की एमसीच्या उजव्या चौकटीची रेघ नागमोडी होते. रेंजर रुंद-अरुंद एवढाच भेद करतो, उकारालाही एक घर मोजतो, म्हणून मराठी नावं लवकर कापलेली दिसतात. फाइलला काही होत नाही. कोन्सोल किंवा एमएलटर्ममध्ये जोडाक्षरं बरी दिसतात, ग्नोम टर्मिनलमध्ये तुटतात. आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने जो काळा कन्सोल उघडतो तिथे देवनागरी विसराच. त्याच्या फाँटात जास्तीत जास्त ५१२ चिन्हं बसतात आणि जोडाक्षरं जोडायची सोय नाही.

सर्व्हरवर नावांऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर लोकेल (भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) बघा. मराठीचं एमआर_आयएन बसवलेलं नसेल तर नुसतं सी.यूटीएफ-८ लावलं तरी नावं दिसतात. क्रम मात्र कोडप्रमाणे लागतो: एलएसमध्ये ळ हा व च्या आधी येईल.

तापीकाठ
ऱ्या चा प्रकार आमच्याकडे हमखास असणार, दोन जण वेगवेगळे कीबोर्ड वापरतात. बरं, एकदम पन्नास नावं बदलायला सुरक्षित कोणता?

भुसावळ_यार्ड
व्हीआयएफएम. टी ने फायली खुणावा, सीडब्ल्यू दाबा, नावांची यादी एडिटरमध्ये येते, एका ओळीत एक नाव. बदला, सेव्ह करा, बाहेर पडा. चुकून एखादी ओळ उडाली आणि संख्या जुळली नाही तर तो काहीच बदलत नाही. दोन फायलींची नावं आपसांत बदलायची असली तरी जमतं. आणि स्मॉल यू ने उलटं फिरवता येतं.

रेंजरच्या ‘बल्करिनेम’मध्ये यादीनंतर एमव्ही कमांडांची स्क्रिप्ट समोर येते, ती वाचून मग चालते. पण त्या कमांडा एकामागून एक चालतात, त्यामुळे अ चं ब आणि ब चं अ करायला गेलात तर मधेच ‘वर लिहू का’ विचारेल. तिथे नाही म्हणा, आणि आधी तिसरं नाव द्या.

यादी मराठीत एडिट करताना एडिटर विम असेल तर पुन्हा जे-के चीच अडचण. ‘एडिटर’ चल नॅनोवर ठेवा, बाणांनी चालतो.

सातपुडा_पलीकडे
सर्व्हरचं. एमसीत एसएफटीपी लिंक आहे, शेल लिंक आहे, सर्व्हर चौकटीत येऊन बसतो. छोट्या कामाला ठीक. पण तिथली फाइल एफ४ ने उघडली की ती आधी तुमच्या मशिनच्या टेंपमध्ये उतरते, सेव्ह केल्यावर परत चढते. मधे लाइन गेली तर चढायची राहते. सर्व्हरवरूनच सर्व्हरवर हलवायचं असेल तर एसएसएचने आत जा आणि तिथे टीमक्समध्ये एमसी किंवा एनएनएन चालवा. डेटा तारेवरून फिरत नाही आणि इकडे भारनियमन झालं तरी तिकडचं काम चालू राहतं. वीज आली की ‘टीमक्स अटॅच’.

मोठा गठ्ठा इकडून तिकडे पाठवायचा तर फाइल मॅनेजर नकोच. आरसिंक, ‘-ए’ आणि ‘--पार्शल’ लावून. तुटलं तर पुन्हा तीच कमांड, झालेलं पुन्हा जात नाही.

तापीकाठ
ठरवलं. टेबलावरच्या मशिनांवर एमसी, बघून नाव द्यायच्या एका मशिनवर किटी आणि याझी, एकगठ्ठा नावांसाठी व्हीआयएफएम. सर्व्हरवर टीमक्समध्ये एमसी. शेवटचं विचारतो: पेनड्राइव्हवरून फायली काढल्या तरी जागा मोकळी होत नाही, आणि कॉपी पूर्ण दाखवूनही समोरच्याला अर्धीच फाइल मिळते. हे दोन्ही कशाने?

लळिंग_पायथा
पहिलं कचरापेटीमुळे. याझीच्या स्मॉल डी ने किंवा डेस्कटॉपवरून पेनड्राइव्हवरची फाइल काढली की ती पेनड्राइव्हवरच ‘डॉट-ट्रॅश-१०००’ अशा लपलेल्या फोल्डरात जाते. १००० हा तुमचा युजर नंबर. याझीत टिंब दाबून लपलेल्या फायली दाखवा आणि ते फोल्डर कॅपिटल डी ने काढा. दुसऱ्याला पेनड्राइव्ह देण्याआधी हे कराच, नाहीतर काढलेले सात-बारा त्याच्या हातात जातात. एमसीच्या एफ८ ला कचरापेटी नाही, तिथे जागा लगेच मोकळी होते आणि फाइल परत मिळत नाही.

दुसरं असं की कॉपी आधी रॅममध्ये होते, पेनड्राइव्हवर मागाहून उतरते. पट्टी १०० टक्के झाली म्हणजे उतरली असं नाही. कंट्रोल-ओ दाबा, ‘सिंक’ टाइप करा आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत थांबा. मग ‘यूमाउंट’. ‘टार्गेट इज बिझी’ आलं तर एमसीची एखादी चौकट अजून पेनड्राइव्हवरच उभी आहे. ती होम फोल्डरवर न्या आणि पुन्हा करा.

काळीमाती
आणि देण्याआधी एमसीत एका चौकटीत मूळ फोल्डर, दुसऱ्यात पेनड्राइव्ह ठेवून कंट्रोल-एक्स, मग डी. तीन प्रकार विचारतो, त्यातला बाइट-बाइट तपासणारा निवडा. पण त्याआधी पेनड्राइव्ह एकदा काढून पुन्हा लावा, नाहीतर तो रॅममधलीच प्रत वाचून ‘सगळं सारखं’ म्हणेल. जुळत नाहीत तेवढ्या फायली आपोआप खुणावल्या जातात, मग एफ५.